जळक्या माथ्याच्या वकीलबाई

इंदूताईंनी प्रश्न विचारला की उत्तर देण्याआधी माणूस ते एकदा मनातल्या मनात म्हणून बघायचा. उभा जन्म त्यांनी अकोल्याच्या कोर्टात फौजदारी वकिली केली होती, आणि तिथली सवय घरी येताना कोर्टात राहत नसे. आमच्या जठारपेठेत सकाळी भाजीची गाडी आली की बाकीच्या बायका विचारायच्या, "वांगी ताजी आहेत ना?" इंदूताई विचारायच्या, "ताजी म्हंजे आज तोडली, का आज आणली?"

"आजच आणली, बाई."

"आणली कवा ते नाई इचारलं मी. तोडली कवा ते इचारून राहिली."

गाडीवाला ओशाळं हसायचा आणि खालच्या टोपलीतली वांगी काढून द्यायचा. मग तीच वांगी आम्ही सगळ्या घ्यायचो.

ठेंगणी मूर्ती, जाड भिंगांचा चष्मा, फिक्या रंगाची सुती साडी आणि पायात पुरुषांचे कॅनव्हासचे बूट. वाकडं बघणाऱ्याला त्या सांगायच्या, "साडी लोकांसाठी घालतो आपण, बूट आपल्यासाठी." कोर्टात त्यांची मराठी छापल्यासारखी असे. घरी आल्या की कोटाबरोबर ती भाषाही खुंटीवर टांगून ठेवायच्या. माफी मागणं त्यांना जमत नसे. आपलं चुकलं असं वाटलं की त्या फक्त म्हणायच्या, "दुरुस्ती आहे," आणि जे चुकलं ते पुन्हा पहिल्यापासून करायला घ्यायच्या. माफीपेक्षा ते समोरच्याला जास्त जड जायचं.

त्यांच्या आणि आमच्या घरात एकच भिंत. यजमान बँकेत होते, ते वारल्यावर त्या एकट्याच राहत, मुलगा पुण्याला. मी कॉलेजात मराठी शिकवते. पुढे जे सांगणार आहे त्यात माझा वाटा इतकाच, की इंदूताईंना गाडी चालवता येत नव्हती आणि मला येत होती. गाडी सुरू झाली की त्या झोपायच्या आणि अकोट मागे पडून घाट लागला की आपोआप जाग्या व्हायच्या.

घाटापलीकडे, धारणीच्याही पुढे, सालईढाणा नावाचं कोरकू आदिवासींचं गाव आहे. वकिली सोडता सोडता इंदूताईंनी त्या गावाचं एक काम हाती घेतलं होतं. गावामागच्या डोंगरावरचं जंगल पिढ्यान्‌पिढ्या गावकरी वापरत आले होते. त्यावर गावाचा सामूहिक हक्क कागदोपत्री लागावा, असा तो दावा होता. सुनावणीत एक अधिकारी त्यांना म्हणाले, "बाई, यांच्या हाती जंगल गेलं तर दोन उन्हाळ्यांत जाळून टाकतील."

इंदूताई उभ्या राहिल्या. "ज्याची चूल त्या जंगलावर पेटते, तो ते जाळत नाही. हे मी माझ्या जबाबदारीवर सांगते."

दावा मंजूर झाला. गावाने जेवण दिलं, ढोल वाजवले, इंदूताईंना मधोमध बसवलं. आणि दुसऱ्याच उन्हाळ्यात डोंगर जळाला.

बातमी आली तेव्हा त्या माझ्या ओट्यावर बसून चहा पीत होत्या. फोन कानाला लावून त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग फोन ठेवून म्हणाल्या, "शैला, गाडीत पेट्रोल आहे काय वं?"

त्या दिवशी त्या गाडीत झोपल्या नाहीत.

डोंगर अजून कुठे कुठे धुमसत होता. चालताना राख बुटात शिरत होती. उतारावरची मोठी झाडं काळी पडूनही उभी होती. वर माथ्यावर सपाटी होती, तिथे वाऱ्याने पडलेली लाकडं साचून राहिलेली. आग तिथे सावकाश आणि पुष्कळ वेळ जळली होती. तिथे उभं असं काही उरलं नव्हतं. जमीन भाजलेल्या मडक्यासारखी लाल झाली होती.

खाली आंब्याच्या झाडाखाली सगळं गाव जमलं. आग कशी लागली असेल, याचा अंदाज सगळ्यांनाच होता. मोहाची फुलं पडायचे ते दिवस. फुलं नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवायची तिकडे जुनी सवय आहे. कोणाची तरी ठिणगी वाऱ्याने गेली असणार. गाव मान खाली घालून बसलं होतं. आता वकीलबाई उभ्या राहतील, एकेकाला समोर घेतील आणि खरं काढतील, असं सगळ्यांना वाटत होतं. खोटं कशाला सांगू? मलाही तसंच वाटत होतं. ते अधिकारी तोवर बदलून गेले होते, पण त्यांचं वाक्य बदलून गेलं नव्हतं. ते इंदूताईंजवळच राहिलं होतं.

इंदूताईंनी सगळ्यांवरून नजर फिरवली. म्हणाल्या, "माथ्यावर कोणती कोणती झाडं होती?"

कोणी बोलेना. त्यांनी पुन्हा विचारलं. मग एक म्हातारा हळूच म्हणाला, "नाल्याच्या तोंडाशी ऐन होता. मोठा."

"आणखी?"

"त्याच्या बाजूला दोन तेंदू." हे एक बाई म्हणाली. मग दुसरी म्हणाली, चारोळी होती, खडकाला लागून. बिजा होता, एकच. बेहडा होता, त्याच्या खाली माझ्या लेकीचा पाळणा बांधत होते मी. हळूहळू माणसं एकमेकांची चूक काढू लागली. बेहडा तिथे नाही, अलीकडे. धावडे किती आणि मोह किती ते विसरलास तू. मेलेल्या माणसाच्या घरी बसल्यावर आधी सगळे गप्प असतात आणि मग त्याच्याबद्दल बोलणं थांबत नाही, तसं झालं.

आग कोणी लावली हे इंदूताईंनी त्या दिवशी विचारलं नाही. नंतरही कधी नाही.

परत येताना त्या म्हणाल्या, "तीच झाडं पुन्हा लावाची. रोपवाटिकेतली नाई. आजूबाजूच्या जंगलात त्याईचेच भाऊबंद उभे आहेत, त्याईचं बी."

पहिलं वर्ष त्यांनी वकिली खाक्यात काढलं. म्हणजे आधी निकाल ठरवला आणि मग पुरावा गोळा केला. आगीतून वाचलेल्या शेजारच्या जंगलात गावच्या बायांनी चारोळ्या वेचल्या, तेंदूची फळं फोडून बिया काढल्या, जूनच्या तोंडाशी मोहाच्या बिया आणल्या. सगळं खताच्या रिकाम्या प्लास्टिकच्या गोण्यांत भरलं, तोंडं घट्ट बांधली, आणि माझ्या गाडीच्या डिकीतून अकोल्याला आणून इंदूताईंच्या गच्चीवर रचलं. उंदीर लागू नयेत, वाळवी लागू नये, म्हणून. अकोल्याची गच्ची आणि अकोल्याचा उन्हाळा. पाऊस स्थिरावल्यावर त्याच गोण्या परत डोंगरावर गेल्या. बायांनी रोजी बुडवून माथ्यावर खड्डे केले, बी टाकलं, माती ओढली. इंदूताई खड्ड्याखड्ड्याशी वाकून बघत होत्या, कॅनव्हासचे बूट चिखलाने भरलेले.

ओला श्रावण सरला तरी माथ्यावर तरोट्याच्या तणाशिवाय काही उगवलं नाही. गंमत म्हणजे खालच्या उतारावर, जिथे आम्ही एक दाणाही टाकला नव्हता, जळक्या बुंध्यांच्या मुळांतून सागाला, पळसाला, तेंदूला हातभर कोंब आले होते. उतार आपला आपण सावरत होता. माथा मात्र तसाच लाल.

आमच्या गल्लीच्या टोकाला शेतकी कॉलेजातून निवृत्त झालेले एक सर राहतात. इंदूताई उरलेली गोणी घेऊन त्यांच्याकडे गेल्या. सरांनी मूठभर बिया टेबलावर ओतल्या आणि ब्लेडने एक चिरली. आत पांढरा, घट्ट गर असायला हवा होता. होता तो तपकिरी, आणि त्याला खवट तेलाचा वास येत होता.

"कुठे ठेवल्या होत्या?" सरांनी विचारलं.

"गच्चीवर."

सरांनी ब्लेड पुसून बाजूला ठेवलं. इंदूताईंनी घरी येऊन यजमानांचा जुना सुपारीचा अडकित्ता काढला आणि दुपारभर ओसरीत बसून बिया फोडत राहिल्या. मी दोनदा चहा घेऊन गेले. एखादी तरी पांढरी निघेल म्हणून त्या फोडतायत, हे मला दिसत होतं. गोणी संपली.

दुसऱ्या दिवशी सालईढाण्याला गेलो. सगळ्यांना बोलावून इंदूताई उभ्या राहिल्या, आणि मी पहिल्यांदाच त्यांना शब्द शोधताना पाहिलं. "दुरुस्ती आहे," त्या म्हणाल्या. "तुम्ही बी दिलं तेव्हा ते जिवंत होतं. माझ्या गच्चीवर मेलं. मेलेलं बी मी तुमच्या हातून पेरून घेतलं. तुमची मेहनत माझ्यामुळे मातीत गेली."

तो ऐनाचं नाव घेणारा म्हातारा म्हणाला, "आम्हालेही कुठं माहीत होतं, बाई. आम्ही बी खातो, विकतो, तेल काढतो. ठेवलं कोणी?"

"तुम्हाला माहीत नव्हतं. मी विचारलं नव्हतं," इंदूताई म्हणाल्या. "विचारायचं काम माझं होतं."

दुसऱ्या वर्षी त्या बदलल्या. सरांच्या घरी जाऊन शिकायच्या, डोंगरावर जाऊन करून बघायच्या, आणि दोन्हीकडे भांडायच्या. झाडाखाली पहिल्यांदा पडणारी फळं बहुतेक किडकी असतात, तेव्हा ती सोडायची. एकाच झाडाचं सगळं बी घ्यायचं नाही, पाच ठिकाणचं थोडं थोडं घ्यायचं. बादलीत टाकून तरंगेल ते फेकायचं, बुडेल ते ठेवायचं. चारोळीसारखं टणक कवचाचं बी सावलीत सुकवून कापडात ठेवता येतं, पण मोहाचं बी थांबत नाही. ते आठवड्याच्या आत जमिनीत गेलं पाहिजे. धावड्याने मात्र त्यांना फार छळलं. झाड बियांनी लगडलेलं असायचं आणि फोडून बघावं तर बहुतेक पोकळ. "इतकं बोलते आणि आत काईच नाई," त्या धावड्याखाली उभ्या राहून म्हणायच्या. तरी त्याचंच बी त्या सगळ्यांत जास्त वेचायच्या, शेकड्यात एखादं भरीव निघेल म्हणून.

त्यांच्या घराचं गोदाम झालं. पूर्वी अशिलांचे कागद जिथे असायचे त्या खोलीत आता छताच्या कड्यांना सुती पुरचुंड्या लटकायला लागल्या. खिडक्यांना वाळ्याचे पडदे, कोपऱ्यात ओल्या वाळूची मडकी. दिवाळीला मुलगा आला तर त्याला झोपायला पलंग रिकामा नव्हता. "आई, तुला काय झालंय?" तो म्हणाला. इंदूताईंनी त्याच्या कानाशी एक बेहडा हलवला. "ऐक. वाजते ना? आतला गर सुटला. हा गेला." मुलगा माझ्याकडे बघून हसला, पण रात्री ओसरीतच झोपला.

बिजाचं बी कुठे मिळेना. त्याचं लाकूड चांगलं, म्हणून मोठी झाडं कधीच तोडली गेलेली. मग कोणीतरी सांगितलं की तिवशाच्या बाजूला एका देवळाच्या आवारात जुना बिजा आहे. आम्ही अमरावतीवरून तिकडे गेलो. झाड खरंच मोठं होतं, अंगभर गोल चपट्या शेंगा लागलेल्या. देवळाचे पुजारी बाहेर आले. इंदूताईंइतकेच म्हातारे, आणि इंदूताईंइतकेच हट्टी.

"देवाचं झाड आहे. आम्ही पानाला हात लावू देत नाही."

"तोडत नाई मी. खाली पडलेलं वेचतो."

"पडलेलंही देवाचंच."

"देवाले बी कायले पायजे?"

"तुम्हाले कायले पायजे?" पुजारी म्हणाले.

मला वाटलं आता उलटतपासणी होणार. पण इंदूताई देवळाच्या पायरीवर बसल्या आणि त्यांनी जळलेल्या माथ्याची सगळी गोष्ट सांगितली. अधिकाऱ्याला दिलेला शब्द, गच्चीवर मेलेलं बी, काहीही न लपवता. पुजारी उभ्यानेच ऐकत होते. शेवटी ते म्हणाले, "आज नका नेऊ. या शेंगा अजून पिकल्या नाहीत. होळीनंतर या."

होळीनंतर गेलो तर झाडाखालची सगळी जमीन शेणाने सारवलेली होती. पडलेली शेंग मातीत मळू नये म्हणून. किडलेल्या बाजूला काढून चांगल्या शेंगा पुजाऱ्यांनी स्वतः निवडून धोतराच्या फडक्यात बांधून ठेवल्या होत्या. इंदूताईंनी गाठोडं हातात घेतलं. त्या आभार मानतील असं मला वाटलं. त्या म्हणाल्या, "सावलीत ठेवल्या होत्या ना?"

"सावलीतच," पुजारी म्हणाले. दोघंही एकमेकांवर खूश दिसत होते.

आता बुधियाबाईबद्दल सांगायला हवं. सालईढाण्याची ही विधवा बाई इंदूताईंच्याच वयाची. बी वेचायला रोज सगळ्यांत आधी हजर, घरी सगळ्यांत शेवटी. बोलणं कमी. खड्डे खणायला तरुण बायका कुरकुरायच्या, ही कधी नाही. कोणी तिला आराम कर म्हटलं तर तिला ते आवडत नसे.

त्या उन्हाळ्यात एके दुपारी आम्ही तिघी तिच्या घरामागे सावलीत चारोळ्या निवडत बसलो होतो. बुधियाबाईचे हात थांबले. ती म्हणाली, "वकीलबाई, मेरे को एक बात बोलना है. वो आग के दिन..."

"बुधिया, थांब," इंदूताई म्हणाल्या.

"नहीं, बोलना है मेरे को."

"मी तुला काही विचारलं नाही. तू काही सांगू नको. चारोळ्या निवड."

बुधियाबाईने त्यांच्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. चारोळ्या पुन्हा टोपलीत पडू लागल्या.

घाट उतरताना मी विचारलं, "का थांबवलंत तिला?"

इंदूताई जाग्याच होत्या. "आगीचा गुन्हा दाखल आहे, अज्ञात माणसावर. ती जे सांगीन ते मले माहीत होईन. उद्या कोणी मले इचारलं, तर मी खोटं बोलणार नाई. मंग तिचं काय होईन?"

"म्हणजे तुम्ही तिला वाचवलंत."

त्या खिडकीबाहेर बघत होत्या. घाट संपता संपता म्हणाल्या, "तिले वाचवलं का मले वाचवलं, ते पाहून राहिली मी."

पुढचे काही दिवस त्यांनी कोणाला एक प्रश्न विचारला नाही. भाजीवाल्याने शिळी मेथी दिली तीही मुकाट घेतली. मग एका सकाळी माझ्या दाराशी आल्या. "दुरुस्ती आहे, शैला. गाडी काढ."

बुधियाबाई घरीच होती. इंदूताई तिच्यासमोर जमिनीवर बसल्या. मी बाहेर जायला लागले तर म्हणाल्या, "बस. जे आहे ते तिघींत राहू दे." मग बुधियाबाईला म्हणाल्या, "त्या दिवशी मी तुला बोलू दिलं नाही. मी माझा विचार केला. आता सांग."

मला वाटत होतं, ती म्हणेल, आग मी लावली. तिने ते म्हटलं नाही. ती म्हणाली, "मैंने आग देखी थी. मैंने नहीं लगाई. पर देखी थी. छोटी थी, इतनी." तिने हाताने चुलीएवढी जागा दाखवली. "महुए के नीचे. कोई नहीं था उधर. मैंने सोचा, बुझ जाएगी. सिर पे टोकरी थी. मैं घर आ गई."

इंदूताईंनी विचारलं, "टोपली भरलेली होती?"

"भरी थी."

"घरी कोण होतं?"

"नातिन. बुखार में."

"मी असते तर मीही घरी आले असते," इंदूताई म्हणाल्या.

बुधियाबाईने मान हलवली. "नहीं, वकीलबाई. बुझाना था."

इंदूताईंनी तिचं म्हणणं खोडलं नाही. म्हणाल्या, "हो. विझवायला पाहिजे होती."

बुधियाबाई रडली. दोघी तशाच समोरासमोर बसून राहिल्या. मग इंदूताईंनी गुडघ्यावर हात ठेवून उठायचा प्रयत्न केला, तर बुधियाबाईनेच त्यांना हात दिला. आग कोणी लावली ते त्या दिवशीही कळलं नाही, आणि मला वाटतं कोणालाच कधी कळणार नाही. पण पुढच्या मोहाच्या दिवसांत बुधियाबाई खराटा घेऊन घरोघर फिरली. पाचोळा पेटवायचा नाही, झाडायचा. ज्याला जमत नसेल त्याने सांगावं, मी येऊन झाडून देते. सुरुवातीला लोक हसले. नंतर प्रत्येक मोहाखाली खराट्याच्या रेघा दिसायला लागल्या. त्या वर्षी डोंगराला आग लागली नाही. त्यानंतरही लागलेली नाही.

माथ्यावर दुसऱ्यांदा पेरणी झाली, तिसऱ्यांदाही झाली. सगळं उगवलं असं नाही. साळिंदराने मोहाच्या रांगाच्या रांगा उकरून खाल्ल्या. एकदा पावसाने ऐन वेळी ओढ दिली आणि वीतभर झालेली रोपं उभ्या जागी करपली. इंदूताई दर वेळी विचारायच्या, काय मेलं, कशाने मेलं, आता काय करायचं. साळिंदरासाठी बायांनी काटेरी बोरीच्या फांद्या पसरल्या. उन्हासाठी रोपांच्या पश्चिमेला दगड उभे केले. आणि हळूहळू त्या लाल जमिनीवर कुठे कुठे हिरवं टिकायला लागलं.

नेमके त्याच सुमाराला इंदूताईंचे डोळे गेले. पूर्ण नाही. मधोमध एक डाग आला आणि तो पसरत गेला. डॉक्टरांनी सांगितलं की हे परत येणारं नाही. "कडेकडेचं दिसते," त्या म्हणायच्या, "ज्याच्याकडे पाहावं तेच दिसत नाई." माणसाशी बोलताना त्या त्याच्या खांद्यापलीकडे बघू लागल्या. वाचणं बंद झालं. बिया मात्र त्या बोटांनी आणि कानांनी निवडत राहिल्या, आणि त्यात फारशी चूक होत नसे.

शेवटच्या वेळी गेलो तेव्हा पावसाळा सरत आला होता. माथ्यापर्यंत चढणं त्यांना शक्य नव्हतं. त्या आंब्याखाली खाटेवर बसल्या आणि मला म्हणाल्या, "तू जा वर. पाहून ये. आणि मले बरं वाटावं म्हणून काई सांगू नको."

बुधियाबाई आणि मी वर गेलो. मी नीट पाहिलं. ऐन कमरेएवढे झाले होते, काही ठिकाणी दाट. चारोळी अडखळत होती. मोहाची बरीच गेलेली, पण जी होती ती जोमात. बिजाची मोजकीच रोपं उभी होती, पण उभी होती. खाली येऊन मी सगळं सांगितलं. इंदूताईंनी मला पुरतं धारेवर धरलं. पानं पिवळी होती का? खालची की वरची? ढोरं गेलेली दिसली का? नाल्याच्या तोंडाशी काय आहे?

"नाल्याच्या तोंडाशी ऐन आहेत. माझ्या कमरेला लागतात."

"तू ठेंगणी आहेस. बुधियाच्या कुठं लागतात?"

"मेरे भी कमर को," बुधियाबाई म्हणाली.

त्यांनी मान डोलावली आणि चहा मागितला.

संध्याकाळी निघायच्या वेळी त्या म्हणाल्या, "तू जा. मी राहतो चार दिवस. बुधियाकडे. येताना जीपनं येईन." मी वाद घातला. त्यांच्याशी वाद घालून काही मिळवलेला माणूस मला अजून भेटलेला नाही. मी त्यांच्या गोळ्यांची पिशवी बुधियाबाईच्या हातात दिली आणि निघाले.

इंदूताई चार दिवसांनी जीपने धारणीला आल्या आणि तिथूनच मुलगा त्यांना पुण्याला घेऊन गेला. अकोल्याला त्या परत आल्या नाहीत. त्या हिवाळ्यात पुण्यातच गेल्या. मला फोनवर कळलं. सालईढाण्याला मीच जाऊन सांगितलं.

पण माझ्या डोळ्यांसमोर येतात त्या शेवटच्या संध्याकाळच्या इंदूताई. गाडी वळवून मी रस्त्याला लागले आणि आरशात पाहिलं. आंब्याखाली खाटेवर त्या बसल्या होत्या, बाजूला बुधियाबाई, सभोवती दोन-तीन बाया. त्याच वेळी पुढच्या गावाला जाणारी जीप, टपापर्यंत माणसांनी भरलेली, दुसऱ्या बाजूच्या रस्त्याला लागली. इंदूताईंनी तिचा आवाज ऐकला, चेहरा तिकडे वळवला आणि हात उंच करून हलवला. बुधियाबाईने त्यांना सांगितलं नाही की शैला तिकडे नाही, इकडे आहे. त्या हलवत राहिल्या. आणि जीपच्या टपावर बसलेल्या, त्यांना न ओळखणाऱ्या माणसांनीही एकेक करून हात वर केले.